आतून न उघडणारं दार

त्या दाराची मला भीती वाटायची. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पुढे माझा आवाज चढणार आहे आणि चढलेल्या आवाजात भीती ऐकू येत नाही. कॉलेजात मी पत्रकं लिहायचे. वसतिगृहाच्या पाण्याचं, मेसमधल्या डाळीचं, एसटीच्या पासचं. शेवटी ‘आम्ही घाबरणार नाही’ असं लिहायची रीत असते. ते वाक्य मी ज्या ज्या वेळी लिहिलं, त्या त्या वेळी माझे हात गार पडलेले होते.

नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, एका टॉवेलच्या कारखान्यात. खाली माग, मागांना लागून तयार मालाचं गोडाऊन आणि गोडाऊनच्या डोक्यावर आमचं ऑफिस. मी एक्स्पोर्टचं बघते. परदेशातल्या गिऱ्हाइकांना मेल करायचे, सॅम्पल पाठवायचे, कुरिअरवाल्याशी भांडायचं. मागांचा खडखडाट दिवसभर तळपायांतून वर येत असतो. नव्या माणसाचं त्यानं डोकं उठतं. आमचं तो थांबला की उठतं.

खाली कापसाचे तंतू उडत असतात. पंख्यावर, वायरीवर, मोटारीवर त्यांची पांढरी लव बसते. ती रोज झाडतात आणि रोज बसते. ठिणगीला तेवढं पुरतं. रस्त्यावरून बंबाचा भोंगा वाजत गेला की इथं प्रत्येकाचा फोन वाजतो. घरून. “कुटं हाईस?” एवढंच विचारतात. “ऑफिसात” म्हटलं की ठेवतात. जेवलीस का, कधी येणार, काही नाही. एमआयडीसीत काम करणाऱ्यांच्या घरी ही भीती मिठासारखी असते, वेगळी दिसत नाही.

तर दार. पूर्वी ऑफिसला दोन दारं होती. पुढचं लोखंडी जिन्यावर उघडायचं, मागचं गोडाऊनच्या मागच्या जिन्यावर. दोन्हींना आतून कडी. मग छोटे मालक पुण्याहून एमबीए करून आले.

माणूस वाईट नाही. हे लिहायला मला जड जातं, पत्रकात असं वाक्य बसत नाही. माझ्याच वयाचे, हसतमुख, सगळ्यांना ‘टीम’ म्हणणारे. त्यांना आमच्यासाठी काहीतरी करायचं होतं. आमची पिढी नोकरीत टिकत नाही, म्हणून आमच्या पिढीला काय आवडतं ते त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. भिंत पिवळी झाली. एसी आला. बसायला ती मऊ पोत्यासारखी आसनं आली, त्यात एकदा बसलं की दुसऱ्यानं हात दिल्याशिवाय उठता येत नाही. कॅरम आला. कॅरम ठेवायला जागा हवी म्हणून मागच्या दारापुढचा कोपरा घेतला. आता ते दार कोणी वापरत नाही म्हटल्यावर गोडाऊनवाल्यांनी पलीकडून जिन्यावर टॉवेलचे गठ्ठे रचले. कोणी कोणाला विचारलं नाही. कोणी मुद्दाम केलं नाही. असंच होतं ते.

पुढच्या जिन्यावर जाड काचेचं दार बसलं, अंगठ्यावर उघडणारं. बाहेरून आत यायलाही अंगठा, आतून बाहेर जायलाही अंगठा. लाईट गेली तरी बॅटरीवर चालणारं. कारण असं दिलं की, आमच्या नव्या डिझाइनी सीझनच्या आधीच दुसऱ्यांच्या मागावर दिसायला लागल्या आहेत. दुसरं कारण कोणी दिलं नाही, पण सगळ्यांना कळलं. चहाला कोण किती वेळा जातं, ते आता मोजता येणार होतं.

आमच्याच ऑफिसातल्या सॅम्पल खात्यात एक अक्का होत्या. वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या, पण शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या, त्यामुळे साऱ्यांच्या अक्का. लहानपणी घरच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, लग्नानंतर हा कारखाना. काम काय, तर टॉवेलच्या अंगावरचे बारीक फासे अंगठ्यानं उलटेसुलटे करून बघायचे, कडा चोळायच्या, घड्या घालायच्या. दिवसभर. त्यांचा अंगठा गुळगुळीत झाला होता. मशीन त्याला ओळखायचं नाही. आतली बाई हिंदीत म्हणायची, “कृपया पुनः प्रयास करें.”

“मी प्रयास कराय लागलेच की गं बाई,” अक्का तिला म्हणायच्या. “तूच जरा प्रयास कर.”

आम्ही हसायचो. अक्कासुद्धा. मग त्या कोणीतरी उठायची वाट बघत दाराशी उभ्या राहायच्या. सकाळी आत यायला कोणाच्या तरी पाठोपाठ, संध्याकाळी बाहेर पडायला कोणाच्या तरी पाठोपाठ. बायकांची बाथरूम त्या दाराच्या बाहेर, जिन्याखाली. अक्कांनी पाणी प्यायचं कमी केलं. मला हे कळलं ते त्यांची बाटली संध्याकाळी जशीच्या तशी भरलेली दिसली तेव्हा. “उन्हाळ्यात पाणी न पिता बसता?” मी विचारलं. “एसी हाय की,” त्या म्हणाल्या.

मालकलोकांनो, हे वाक्य दोनदा वाचा. पुढे जायची घाई नाही.

पावसाळ्यात एक सल्लागार मॅडम आल्या. पांढरा बोर्ड, रंगीत पेन. आम्हाला त्या मऊ पोत्यांवर गोल बसवलं आणि विचारलं, “कामाच्या जागेत तुम्हाला सगळ्यात मोलाचं काय वाटतं? मोकळेपणानं सांगा. चूक-बरोबर काही नसतं.” छोटे मालक मागं उभे. मोकळेपणा तिथंच संपला. कोणी ‘ग्रोथ’ म्हणालं, कोणी ‘फॅमिली वातावरण’. आमचा डिझाइनवाला म्हणाला, “शनिवारी अर्धा दिवस,” आणि लगेच, “गंमत केली, सर.” मी ‘आदर’ म्हणाले. बोर्डावर लिहिला गेला, बरा दिसला.

अक्कांची पाळी आली. त्या म्हणाल्या, “मला दार आपलं आपण उघडता यावं.”

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्यांना वाटलं काहीतरी खोल बोलणं झालं. “व्वा,” म्हणाल्या, आणि बोर्डावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘ऑटोनॉमी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. अक्का माझ्याकडे वाकल्या. “काय लिवलं?” मी म्हटलं, “तुम्ही म्हणालात तेच.” “मग कधी बसवणार?” म्हणाल्या. “कडी.”

खंडेनवमीला माग बंद असतात. आदल्या दिवसापासून धुऊनपुसून ठेवतात, मग झेंडूच्या माळा, हळदकुंकू, लिंबू, नारळ. गोडाऊनमधलं गठ्ठे बांधायचं प्रेससुद्धा सजतं. ऑफिसच्या मुली सकाळपासून खाली मशिनांना कुंकू लावत फिरतात. मीही फिरले. माझी बोटं हळदीनं आणि नारळाच्या पाण्यानं चिकट झाली होती. दुपारी आरतीच्या आधी एक अर्जंट सॅम्पल कुरिअरला द्यायचं राहिलंय म्हणून मी आणि अक्का वर आलो. माझ्या अंगठ्यानं दार उघडलं, पाठोपाठ त्या आल्या, ते मागं बंद झालं.

खाली स्पीकरवर आरत्या लागलेल्या. माग गप्प, त्यामुळे पायांखालची जमीन परक्याच्या घरासारखी वाटत होती. पॅकिंग करता करता मला धुपाचा वास आला. बरं वाटलं. पूजेच्या दिवशी धुराला कोण घाबरतं? दाराच्या फटीतून थोडा धूर वरही आला. मी म्हटलं, “आज ऊद जोरात लावलाय.”

अक्कांनी टेप तोडायचं थांबवलं. नाक वर केलं. “ऊद न्हाय,” म्हणाल्या. “सूत हाय.”

त्या दाराकडे गेल्या आणि अंगठा लावला. “कृपया पुनः प्रयास करें.” दुसरा लावला. तेच. मी धावत गेले. माझा लावला. “कृपया पुनः प्रयास करें.” माझा. जो रोज लागतो तो. मी ओढणीला पुसला, पुन्हा लावला. हळद पेरांत बसलेली, ती काही जाईना. काचेतून जिना दिसत होता आणि जिन्याच्या खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या.

भीतीचं वर्णन पुस्तकांत फार छान असतं. मला काय झालं ते सांगते. मी मशीनला सॉरी म्हणाले. खरंच म्हणाले, मोठ्यानं, दोनतीनदा. मग मी फोन लावला. ज्याला लावला त्याच्या खिशातला फोन आरतीच्या आवाजात कोणाला ऐकू येणार? मग आम्ही दोघी मागच्या दाराकडे गेलो. कॅरम ढकलला. कडी निघाली. दार बोटभर सरकलं आणि गठ्ठ्यांना टेकलं. मऊ, नवेकोरे, परदेशी जाणारे टॉवेल. अक्कांनी खांदा लावला. ते दबायचे आणि परत फुगायचे.

काच फोडायची म्हणून मी चाकाची खुर्ची उचलली. ती हातात गोल फिरली आणि माझ्याच गुडघ्यावर आदळली. स्टेपलर मारला. काचेवर चरा पण पडला नाही. त्या पोत्यांनी तर काच फुटतच नाही. अख्ख्या ऑफिसात आमच्या आनंदासाठी आणलेली एकही वस्तू जड नव्हती.

अक्का ओरडल्या नाहीत. त्यांनी शेल्फवरचे सॅम्पलचे टॉवेल प्यायच्या पाण्याच्या कूलरखाली भिजवले आणि दाराच्या फटीला दाबले. मग खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, “पोरगीची शाळा सुटली असंल.” नुसतं एवढंच. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला त्या वाक्यानं कळलं. मी त्यांच्या शेजारी बसले. मी पत्रकांतून पुष्कळ लोकांच्या वतीनं बोललेय. त्या वेळी मला एका माणसाचा हात धरायचा होता, तो मी धरला.

दार उघडलं ते बाहेरून. डिझाइनवाला ओढणीसारखा रुमाल तोंडाला लावून उभा. “ओ मॅडम, चला की. फोटो अडलाय.” मग त्यानं आमची तोंडं बघितली. “काय झालं?”

झालं होतं असं की, प्रेसजवळ लावलेल्या दिव्यातून बाजूच्या सुताच्या कचऱ्याच्या पोत्याला लागलं होतं. ते पोतं धुमसत राहिलं. खाली सगळ्यांना वाटलं, धूप. डोळे चुरचुरले तरी वाटलं, आज देवाचा दिवस. शेवटी कोणीतरी बादलीभर पाणी ओतलं आणि विषय संपला. छोट्या मालकांना वर्षाचा टीम फोटो काढायचा होता, त्यात आम्ही दोघी कमी दिसलो. म्हणून तो वर आला. फोटोसाठी.

तो फोटो निघाला. त्यात अक्कांचे डोळे लाल आहेत आणि मी हसतेय. मी का हसले ते मला आजही सांगता येत नाही. कॅमेरा समोर आला की तोंड आपोआप तसं होतं.

“काही झालं नाही ना?” छोटे मालक म्हणाले. खरंच घाबरले होते. “सिस्टीम नवीन आहे. सेट होईल. अक्कांचं दुसरं बोट रजिस्टर करू.” केलं. दहाही बोटं करून बघितली. डाव्या हाताची करंगळी कधी कधी लागायची. डिझाइनवाला म्हणाला, “अक्का, आता पायाची बोटं राहिली.” अक्का हसल्या नाहीत. त्या दिवसापासून मी जागेवर नसले तर त्या सॅम्पल खोलीत जायच्याच नाहीत, दाराजवळ उभं राहून घड्या घालायच्या.

मी पत्रक लिहिलं. वडिलांना फोनवर सांगितलं. ते केम गावी असतात, शाळेत क्लार्क होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमच्या ऑफिसला दारच नव्हतं, पडदा होता. तुमचं काय ते मला कळत नाही. पण चांगली जागा आहे. टिकून राहा.” मागून आई म्हणाली, “काय म्हणती?” ते म्हणाले, “दाराचं काहीतरी हाय.”

डिझाइनवाल्यानं मसुदा वाचला. “एकच मागणी? भरपूर लिवा की. त्यातली एक मान्य होती.”

“एकच आहे.”

“मग नावं कुणाकुणाची?”

“कोण कोण देतंय?”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला, परत उचलला. “नाव सोडून काय पण सांगा, मॅडम. वाटायला येतो.”

पत्रकात होतं: कामाच्या वेळेत ऑफिसचं पुढचं-मागचं दार आतून कोणालाही, कोणाच्याही मदतीशिवाय उघडता आलं पाहिजे. त्यासाठी मागचा जिना आजच्या आज मोकळा करा. खाली माझी सही. शेवटचं ते रीतीचं वाक्य मी लिहिलं नाही. खोटं वाटलं.

गेटजवळच्या सायकल स्टँडला सकाळी मी ते वाटलं. कागद पुढं करायचा आणि घेणाऱ्यानं धरला की पटकन सोडायचा. पाळीवरून सुटलेले कामगार घेत होते, घडी घालून खिशात ठेवत होते. वाचत कोणी नव्हतं. वाचताना दिसणं म्हणजे सही केल्यासारखंच.

छोट्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. पत्रक टेबलावर पसरलेलं. ते रागावले नव्हते, दुखावले होते, आणि ते जास्त अवघड होतं.

“माझ्याशी बोलायचं ना. माझं दार कायम उघडं असतं.”

“तुमचं असतं, सर.”

त्यांनी खुर्ची मागं सरकवली. “मी एवढं केलं तुमच्यासाठी. आपल्या पिढीला काय हवं ते दुसरं कोण विचारतं इथं?”

“विचारलंत. अक्कांनी सांगितलं. मॅडमनी बोर्डावर लिहिलं.”

“ते मला वाटलं, कामातलं स्वातंत्र्य वगैरे.”

“कामातलंच आहे.”

त्यांनी पेन उचललं, पत्रकातल्या मागणीखाली रेघ मारली. मग म्हणाले, इमर्जन्सी बटण मागवतो, दाराशेजारी बसवू, दाबलं की उघडेल. मागचे गठ्ठे हलवायला सांगतो. गठ्ठे त्याच दिवशी हलले आणि माल वाढला तसे परत आले. बटण मागवलंय म्हणत दिवाळी गेली, संक्रांत गेली. मला काढलं नाही. ते मला बघून पूर्वीसारखंच ‘गुड मॉर्निंग टीम’ म्हणायचे. प्रत्येक महिनाअखेरीला मला वाटायचं, आज बोलावतील. संध्याकाळ व्हायची आणि मी घरी जायचे.

उन्हाळा लागताना अक्कांनी नोकरी सोडली. सल्लागार मॅडम पुन्हा आल्या होत्या. म्हणाल्या, ही पिढी कंपनीला चिकटून राहत नाही, थोडं जास्त मिळालं की जाते. अक्कांना जास्त मिळणार नव्हतं. त्या जिथं अर्ज घेऊन गेल्या तिथं उलट कमीच मिळणार होतं. एसी नव्हता, भिंत पिवळी नव्हती.

मी सोबत गेले होते, कारण त्यांनी, “चल की गं,” म्हटलं. त्याच रस्त्यावरचा जुना कारखाना. कारखानदार म्हातारे, पांढरा सदरा, समोर टेबलफॅन. त्यांनी तेलुगूत घरची चौकशी केली, मग माझ्याकडे बघून मराठीत आले. “काम येतंय ते म्हायती हाय. तुमचं काय म्हणणं? अपेक्षा काय?”

अक्का उठल्या. म्हाताऱ्यांना वाटलं, निघाल्या. “अहो, बसा की.”

त्या खोलीच्या मागच्या दाराशी गेल्या. लाकडी दार, कडी गंजलेली. ओढली, निघाली नाही. पदरात धरून दोन्ही हातांनी ओढली. निघाली. दार उघडून त्या बाहेर गेल्या आणि उन्हात दिसेनाशा झाल्या. म्हातारे माझ्याकडे बघत राहिले, मी पंख्याकडे. बऱ्याच वेळानं त्या इमारतीला वळसा घालून पुढच्या दारातून आत आल्या, घाम पुसला, खुर्चीत बसल्या.

“हां,” म्हणाल्या. “आता बोला.”

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ऑफिसात गेले. अंगठा लावला, दार उघडलं. नेहमी मी आत जाते आणि ते मागं बंद होतं. त्या दिवशी मी माझी खुर्ची ओढत आणली आणि उंबऱ्यावर ठेवली, चौकटीच्या मधोमध. बसले. लॅपटॉप मांडीवर घेतला. दार उघडं राहिलं की मशीन सारखं वाजतं, ते वाजायला लागलं. एसीची हवा माझ्या पाठीवरून जिन्यात जायला लागली. मी लॅपटॉप घट्ट दाबून धरला आणि एका गिऱ्हाइकाला मेल लिहायला घेतला. एकच ओळ चारचारदा लिहिली.

आतून कोणीतरी म्हणालं, “गार हवा जाती की.” मी वळले नाही. केबिनच्या काचेतून छोटे मालक उभे राहिलेले दिसले. ते बाहेर आले नाहीत, बसलेही नाहीत.

डिझाइनवाला जागेवरून उठला. माझ्यापाशी आला, वाजणाऱ्या मशीनकडे बघितलं, केबिनकडे बघितलं.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “जरा पाय घ्या की. चहाला जायचंय.”

मी पाय घेतले. तो माझ्या बाजूनं निघून जिना उतरला, अंगठा न लावता.